पाठ फिरवून सांगा

आमच्या कलादालनात कुणी एखाद्या चित्राला "छान आहे" म्हणालं, की सर शांतपणे म्हणायचे, "ते जेवणाला म्हणा." आवाज मुळीच चढलेला नसायचा. तो माणूस ओशाळायचा, बरोबर बायको असली तर तिच्याकडे बघायचा आणि मग नाइलाजानं पुन्हा चित्राकडे. सरांना तेवढंच हवं असायचं. दुसऱ्यांदा बघितल्याशिवाय त्यांच्या तावडीतून कुणी सुटत नसे.

मी तिथे सहायक म्हणून लागले तेव्हा सव्वीस वर्षांची होते. कलादालन ठाण्यात, बाळकुमला. एका खासगी ट्रस्टनं बंद पडलेल्या कारखान्याची इमारत घेऊन, रंगवून, एसी बसवून तिथे चित्रं लावली होती. चहूकडे टॉवर उठलेले आणि मधे आमची उतरत्या पत्र्यांची बुटकी इमारत. मी मानपाड्याहून दोन बस बदलून यायचे. संग्रहालयशास्त्राची पदविका, सुवाच्य अक्षर आणि स्वतःबद्दल बरंच चांगलं मत, एवढं भांडवल घेऊन मी आले होते. त्यातलं तिसरं सरांनी पहिल्याच आठवड्यात खाली आणलं.

सर आमचे मार्गदर्शक. नेमणुकीच्या पत्रात तसं लिहिलं होतं, पण ते कुणाला कसलंही मार्गदर्शन करताना मी पाहिलं नाही. सडसडीत बांधा, पांढरे केस तेल लावून चापून बसवलेले, बुशशर्टाच्या खिशात पेन्सिलींचे दोन-तीन तुकडे. पूर्वी ते कल्याणच्या एका शाळेत चित्रकला शिकवायचे. ती कायमची नोकरी सोडून ते इथे कमी पगारावर आले, म्हणून सगळा स्टाफ त्यांना सरकलेला म्हणायचा. पहिले दोन महिने मीही त्यात सामील होते.

त्यांनी एकाही चित्राखाली पाटी लावू दिली नव्हती. चित्राचं नाव, चित्रकाराचं नाव, काही नाही. कुणी विचारलंच तर म्हणायचे, आधी बघा, वाचायला आयुष्य पडलंय. आलेल्या माणसाला चित्रासमोर उभं करायचे. घाई नाही, हवा तितका वेळ घ्या. त्याचं बघून झालं की म्हणायचे, आता पाठ फिरवा आणि काय दिसलं ते सांगा. तो चित्राकडे पाठ करून उभा राहायचा आणि सर त्याच्यासमोर, म्हणजे चित्राकडे तोंड करून. तो जे सांगेल ते पेन्सिलीनं उतरवून घ्यायचे. कागदही ठरलेला. लोकांकडून मागून आणलेल्या जुन्या लग्नपत्रिकांच्या कोऱ्या बाजू. त्यामुळे आमच्या दप्तरातल्या प्रत्येक नोंदीच्या मागे कुणाचा तरी शुभविवाह होता आणि लहान मुलांनी आहेर आणू नये म्हणून केलेली विनंती होती. एका चित्राला चपलांचा एक रिकामा खोका, अशी ती कार्डं लावलेली असत.

चित्रकलेच्या परीक्षांना पूर्वी स्मरणचित्र नावाचा एक पेपर असायचा. बघायचं आणि मग न बघता काढायचं. सरांचं सगळं शास्त्र त्यातून आलेलं. माणूस चित्र बघत असतो तेव्हा काय बघतो हे त्याला स्वतःलाच ठाऊक नसतं, पाठ फिरवली की कळतं, असं ते म्हणायचे. मला आधी हा निव्वळ चावटपणा वाटला. मग मी कार्डं वाचू लागले. आमच्याकडे खाडीचं एक मोठं चित्र होतं, बंदराला लागलेल्या चार होड्या आणि मागे संध्याकाळ. एका निवृत्त बँकवाल्यांनी त्यातल्या दोरांच्या गाठी तेवढ्या सांगितल्या होत्या. एका मुलाला कोपऱ्यातला कुत्रा सोडून काही दिसलं नव्हतं. घर बदलून नुकत्याच आलेल्या एका बाईंनी सांगितलं, की सगळ्या होड्यांची तोंडं बाहेरच्या बाजूला आहेत. ते खरं होतं. मी त्या चित्रासमोरून रोज दहा वेळा जायचे आणि मला ते दिसलं नव्हतं.

पण मला सांगायचंय ते वरच्या मजल्यावरच्या शेवटच्या दालनातल्या चित्राबद्दल.

चित्र फार मोठं नाही. रेल्वे क्वार्टरमधली एक खोली. भिंत खालून अर्धी निळ्या ऑइलपेंटची, वर चुना. गजांची खिडकी, दोरीवर एक चादर, कोपऱ्यात मोरी आणि मोरीच्या कट्ट्यावर पितळेचा तांब्या. मधोमध एक लाकडी खुर्ची, खिडकीकडे तोंड केलेली, तिची पाठ आपल्याकडे. दुपारचं ऊन खुर्चीच्या पायांपर्यंत आलेलं. माणूस नाही. पहिल्या आठवड्यात सरांनी मला त्या चित्रासमोर उभं केलं. मी पाठ फिरवून सगळं सांगितलं, चादरीची किनार आणि भिंतीतला खिळासुद्धा. सरांनी लिहून घेतलं आणि म्हणाले, तुझी नजर पंचनाम्याची आहे. मी ते कौतुक समजून घरी आईला सांगितलं.

त्यानंतर महिन्याभरात मावशींचा प्रसंग घडला. बाळकुम गावातल्या एक कोळीण मावशी मासळी विकून झाली की टोपली वॉचमनकडे ठेवून आमच्या एसीत येऊन बसायच्या. त्यांना कुणी अडवू नये अशी सरांची ताकीद होती. मावशींना लिहिता-वाचता येत नव्हतं, पण चित्रं त्या डोळे बारीक करून, वेळ देऊन बघायच्या. त्या दिवशी शेवटच्या दालनात मी सरांच्या शेजारी उभी होते. मावशींचं बघून झालं, त्या वळल्या, पदरानं तोंड पुसलं.

"ती पोर कवाची बसलीय तिकडं," त्या म्हणाल्या. "तिला कोनी हाक मारीत नाय का?"

मी त्यांच्या खांद्यावरून चित्राकडे बघितलं. खुर्ची रिकामी होती. ऊन खुर्चीच्या पायांपर्यंत आलेलं होतं. सरांनी नेहमीच्या सुरात विचारलं, अजून काय दिसलं. मावशी म्हणाल्या, पाठ दिसतेय नुसती, एक लांब वेणी, खिडकीतून बाहेर बघतेय. सरांनी ते लिहून घेतलं. लिहिताना त्यांचीही नजर एकदा वर गेली, माझ्यासारखीच, आणि तशीच खाली आली. मावशी टोपली घेऊन निघून गेल्या. मी एसीचं तापमान बघून आले, कारण माझ्या हातावर काटा उभा होता आणि मला तो एसीवर ढकलायचा होता.

सरांनी मला तेव्हा दुसरा खोका दाखवला. तो इतरांसारखा फळीवर नसून त्यांच्या कपाटात, कुलपात होता. त्यात चाळीसेक कार्डं होती, इतक्या वर्षांतली. मी दुपारभर वाचत बसले. कुणी लिहून घ्यायला सांगितलं होतं 'मुलगी पाठमोरी', कुणी 'ताई', कुणी 'आईसारखं कुणीतरी, पण लहान'. एका म्हाताऱ्या गृहस्थांनी नुसतं 'ती' म्हटलं होतं. माणसं एकमेकांच्या ओळखीची नव्हती. वेणी मात्र एकच होती आणि चेहरा कुणालाच दिसला नव्हता. सर प्रश्नातून सुचवत असतील म्हणून मी पुढचे कित्येक दिवस कान लावून ऐकलं. ते "काय दिसलं?" याच्यापलीकडे एक शब्द बोलत नव्हते.

शेवटी मी डबा खाताना सरळ विचारलं आणि त्यांनीही सरळ सांगितलं. ती खोली त्यांची होती. ठाकुर्लीच्या रेल्वे वसाहतीतली. वडील रेल्वेत, घरात आई, सर आणि दोन वर्षांनी मोठी ताई. हे पंधरा वर्षांचे असताना चित्रकलेच्या परीक्षेची तयारी करत होते. स्मरणचित्राच्या सरावाला म्हणून एका दुपारी ताईला खुर्चीवर बसवलं, खिडकीकडे तोंड करून. पाच मिनिटं बघितलं, पाठ फिरवली आणि भिंतीकडे तोंड करून काढत बसले. मधेच ताई काहीतरी म्हणाली. हे म्हणाले, थांब गं जरा, आणि वळले नाहीत. वेणी जमेना म्हणून थोड्या वेळानं पुन्हा बघायला वळले, तर खुर्चीवर कुणी नव्हतं. त्या दिवसापासून ताई कुणालाच दिसली नाही. तक्रार झाली, नातेवाइकांकडे शोध झाला, आईनं नवस केले. काहीही हाती लागलं नाही.

शेजारच्या खोलीत रेल्वेचे फलक रंगवणारे एक पेंटर राहायचे. रविवारी ते स्वतःची चित्रं काढत. पंधरा दिवसांनी ते आईची परवानगी घेऊन आले आणि ती खोली जशी होती तशी त्यांनी रंगवली, कारण आईनं खुर्ची हलवू दिली नव्हती. ते वारल्यावर त्यांची चित्रं आमच्या ट्रस्टकडे आली. सर पाचवीची सहल घेऊन इथे आले तेव्हा त्यांना याची कल्पनाही नव्हती. सवयीनं त्यांनी पोरांना चित्राकडे पाठ करून उभं केलं आणि एक मुलगी म्हणाली, सर, एक ताई बसलीय. सर तिला रागावले. स्मरणचित्रात नसलेली वस्तू काढली की ते गुण कापायचे, त्याच तोऱ्यात म्हणाले, नसलेलं सांगू नये. आणि मग त्यांनी मान वर करून चित्र कुठलं आहे ते बघितलं.

"मला फक्त एवढंच कळायला हवंय, की ती माझ्यावर रागावून गेली का," सर मला म्हणाले. "लोकांना दिसते. मला माहीत आहे ना ती गेली ते, म्हणून मला दिसत नाही."

म्हणून पाट्या नव्हत्या. ज्याला आधी सांगितलं जाईल त्याचंही आपल्यासारखंच होईल, या भीतीनं त्यांनी सबंध कलादालन मुकं ठेवलं होतं. मला त्यांची कीव आली आणि थोडा रागही आला, तेही लिहिते. कारण मधे एकदा माझे बाबा कलादालन बघायला आले होते. जन्मभर कंपनीत पाळ्या केलेला माणूस. सरांनी त्यांनाही पाठ फिरवायला लावलं. बाबांना एक शब्द बोलता येईना. परतताना बसमध्ये म्हणाले, मला तिथलं काही कळत नाही गं, तुला लाज आणली. त्यांना दोन ओळींची पाटी मिळाली असती तर ते तिच्या आधारानं उभे राहिले असते. सरांच्या एका ताईसाठी माझ्या बाबांनी का खजील व्हायचं, हे मला तेव्हा पटत नव्हतं आणि खरं सांगायचं तर आजही पूर्ण पटत नाही.

त्याच सुमारास ट्रस्टवर नव्या मॅडम आल्या आणि त्यांनी पाट्या लावायचं ठरवलं. लोकांच्या तक्रारी होत्याच, की तिकीट काढून यायचं आणि परीक्षा द्यायची. पाट्या लिहायचं काम माझ्याकडे आलं आणि मी ते आवडीनं केलं. सरांनी कशालाच हरकत घेतली नाही. फक्त शेवटच्या दालनासाठी माझ्या टेबलाशी येऊन उभे राहिले. चित्राच्या मागच्या बाजूला पेंटरांनी स्वतःच्या हातानं नाव घातलं होतं, 'रिकामी खोली'.

"नुसतं 'खोली' लिही," सर म्हणाले. "बाकी काहीही लिही. रिकामी म्हणू नकोस."

मी म्हटलं, सर, हे त्यांच्या हातचं आहे, मी कशी बदलू? ते माझ्या कागदाकडे बघत राहिले आणि निघून गेले. मी 'रिकामी खोली' लिहिलं आणि खाली दोन ओळी: दुपारच्या उजेडातली, माणूस नसलेली रेल्वे क्वार्टरमधली खोली. मला त्या ओळी फार आवडल्या होत्या.

लोक खूश झाले. बाबांना मी पुन्हा घेऊन आले, त्यांनी प्रत्येक पाटी वाचली आणि चित्रांबद्दल घरापर्यंत बोलत होते. सर मात्र शेवटच्या दालनात उभे राहून विचारतच राहिले. माणसं पाठ फिरवायची आणि माझी पाटी म्हणून दाखवायची. रिकामी खोली. दुपारचा उजेड. कुणी नाही. महिने गेले आणि कुलपातल्या खोक्यात एकही कार्ड पडलं नाही. सर म्हणायचे, मावशी येऊ देत. मावशी तेव्हा मुलीच्या बाळंतपणाला उरणला गेलेल्या होत्या. त्यांना वाचता येत नाही, माझ्या पाटीचा त्यांच्यावर काय परिणाम होणार, असा सरांचा हिशेब होता आणि मलाही तो मनातून बरा वाटत होता.

मावशी आल्या. सरांनी त्यांना पाणी दिलं, बसवलं, मग चित्रापाशी नेलं. मावशींनी पाटीकडे ढुंकून बघितलं नाही. चित्राकडे मात्र नेहमीपेक्षा जास्त वेळ बघितलं, मान इकडून तिकडे करून. मग वळल्या.

"गेली की ती," मावशी म्हणाल्या. "कवा गेली?"

सरांनी काही लिहिलं नाही. ते जिन्यात जाऊन बसले. दुपारी त्यांचा डबा तसाच राहिला. मी कितीतरी वेळ त्या दालनात उभी होते. अक्षर न ओळखणाऱ्या बाईला माझी पाटी पोचली कशी, याचं उत्तर मला मिळालं नाही, पण एक गोष्ट मनात घट्ट बसली. ताई पहिल्यांदा कुणामुळे गेली ते मला माहीत नव्हतं. दुसऱ्यांदा माझ्यामुळे गेली होती. याची मला भयंकर शरम वाटली.

सर निवृत्त झाले तो मंगळवार होता. सकाळी दार उघडायच्या आधी मी रंग खरवडायची पत्ती घेऊन शेवटच्या दालनातली पाटी काढून टाकली. मॅडमना काय सांगायचं ते नंतर बघू म्हटलं. केक-बिक झाल्यावर सर शेवटचं म्हणून तिकडे आले. मी त्यांना म्हटलं, आज तुम्ही उभे राहा, मी लिहून घेते. इतक्या वर्षांत ते त्या जागेवर कधी उभे राहिले नव्हते. आधी नाही म्हणाले, मला माहीत आहे ना त्यात काय आहे, म्हणाले. मग उभे राहिले. मी घड्याळ बघितलं नाही, पण बाहेर वॉचमनचा चहा येऊन गेला, इतका वेळ बघत होते. मग त्यांनी चित्राकडे पाठ केली. आता मी चित्राच्या समोर होते.

त्यांनी डोळे मिटून सांगितलं. भिंत. खिडकी, सात गज. दोरीवर आईची चादर. तांब्या. खुर्ची. कुणी नाही. मी सगळं लिहिलं. त्यांनी डोळे उघडले.

"तू समोर आहेस," ते म्हणाले. "तुला काय दिसतं?"

मला खुर्ची दिसत होती. मी वरून खालून सगळं चित्र बघितलं, माझ्या पंचनाम्याच्या नजरेनं, आणि खोटं बोलायचं ठरवलं.

"बसलीय, सर."

मी कार्डांमधलं ठरलेलं सांगणार होते, पाठमोरी आहे, वेणी आहे, खिडकीतून बघतेय. ते सोडून माझ्या तोंडून भलतंच निघालं. मी म्हणाले, "मान वळवलीय. तुमच्याकडे बघतेय."

सर वळले नाहीत. मला वाटलं होतं गर्रकन वळतील आणि माझं खोटं उघडं पडेल. ते भिंतीकडे बघत तसेच उभे राहिले. मग हळूच विचारलं, "रागावलीय?"

"नाही, सर."

त्यांनी मान हलवली, खिशातले पेन्सिलींचे तुकडे काढून माझ्या हातात दिले आणि चित्राकडे पुन्हा एकदाही न बघता जिना उतरून गेले.

त्यांचं कार्ड मी खोक्यात लावलं. माझ्या बोलण्याचं कार्ड केलं नाही, कारण ते खोटं होतं, आणि ते मी कुणापाशीही बोलले नाही. घरी नाही, स्टाफमध्ये तर मुळीच नाही. पाटी परत लावली नाही. मॅडमना म्हटलं, चिकटत नाही त्या भिंतीला.

महिन्याभरानं समोरच्या टॉवरमधला एक माणूस सायकलिंगच्या कपड्यांतच आला. ट्रस्टनं आता कुणाला पाठ फिरवायला लावू नका म्हणून सांगितलं होतं. पण शेवटच्या दालनात आम्ही दोघंच होतो आणि मला राहवलं नाही. त्यानं हेल्मेट काखेत धरून बघितलं, वळला आणि थोडा गोंधळून म्हणाला, एक मुलगी आहे ना खुर्चीवर, मान वळवून आपल्याकडे बघतेय ती. मी त्याच्या मागे चित्राकडे बघितलं. मला खुर्ची रिकामीच दिसली. मग खाली मान घालून लिहून घेतलं.

त्याच दुपारी सरांना ठाकुर्लीला फोन केला. काय झालं ते सांगितलं. त्या दिवशी मी खोटं बोलले होते, हेही सांगून टाकलं. फोनवर मागे कुणाच्या तरी कुकरची शिट्टी झाली. मला वाटलं, दुखावले.

"चेहरा कसा होता, विचारलंस?" ते म्हणाले.

मी विचारलं नव्हतं.

"पुढच्याला विचार गं. तिचा एकच फोटो होता, तो तक्रारीबरोबर दिला, तो काही परत आला नाही. आणि मी तिला पाठमोरीच काढत होतो ना. तिचा चेहरा आता माझ्या लक्षात नाही."